परातीतला समुद्र

वाचकहो, या सदरातून मी आपल्याला दरमहा काही ना काही सांगत असते. आज सांगण्याऐवजी एक कबुली द्यावयाची आहे. ती एका बटाट्याविषयी आहे.

एकतीस वर्षे मी येथल्या एका मराठी शाळेत विज्ञान आणि भूगोल हे विषय शिकविले. समुद्राचा धडा आला की दोन काचेच्या बरण्या, एक बटाटा आणि मिठाचा पुडा घेऊन मी वर्गात जात असे. हा प्रयोग खरे तर अंड्याचा. पण गुजरातेतल्या शाळेत अंडे घेऊन जाण्याचे धैर्य मला झाले नाही, म्हणून बटाटा. साध्या पाण्यात तो बुडे. दुसऱ्या बरणीत मी मुठीमुठीने मीठ घालून ढवळी, बटाटा डुलत वर येई, मुले टाळ्या वाजवीत, आणि मी फळ्यावर लिहून देई : 'समुद्राचे पाणी खारे असल्यामुळे त्यात बटाटा तरंगतो.' परीक्षेत हे वाक्य लिहिणाऱ्याला दोन गुण मिळत. समुद्रात मीठ नेमके किती असते आणि बाई, तुम्ही घातले ते किती, असे एकाही मुलाने कधी विचारले नाही. मुलांनी विचारावे अशी सोयही नव्हती. चाळीस मिनिटांचा तास, पन्नास मुले आणि एक बटाटा. शिवाय मला स्वतःलाही तो प्रश्न कधी पडला नाही.

पडला तो गेल्या मे महिन्यात, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी.

माझी नात गोव्याला समुद्रविज्ञान शिकते. वडोदऱ्यात वाढलेली मुलगी समुद्र शिकायला निघाली, याचे घरात प्रथम नवलच झाले. "नोकरी कुठे, बोटीवर करणार?" असे तिच्या वडिलांनी विचारूनही पाहिले होते. सुटीत ती आली ती प्रात्यक्षिकांची वही घेऊनच. दुपारच्या निवांत वेळी मी ती चाळली आणि चकित झाले. डाव्या पानावर 'काय होईल असे वाटते', उजव्या पानावर 'काय झाले', आणि त्याखाली 'माझे चुकले कुठे'. डावे पान प्रयोगाच्या आधी शाईने भरावयाचे आणि नंतर त्यात खाडाखोड करावयाची नाही, असा दंडक. आमच्या प्रयोगवहीत हेतू, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान अशी पाच खणांची शिस्त असे, आणि अनुमान आम्ही बहुधा आदल्या रात्रीच पुस्तकातून उतरवून ठेवीत असू. चुकण्यासाठी राखून ठेवलेली जागा मी प्रथमच पाहिली.

"थांब आजी, तुलाच एक करायला लावते," असे म्हणून तिने दोन सारख्या पेल्यांत सकाळपासून भरून ठेवलेले पाणी घेतले. एकात मीठ विरघळविले. आदल्या रात्री खाण्याचा निळा रंग घालून फ्रिजमध्ये बर्फ लावून ठेवला होता, त्याचे दोन सारखे तुकडे काढले, आणि घरातल्या प्रत्येकाच्या हाती एकेक चिठ्ठी दिली. बर्फ आधी कोठे वितळेल, गोड्या पाण्यात की खाऱ्या? कारण लिहावयाचे, सही करावयाची.

मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. आइस्क्रीमचे पॉट फिरविताना बर्फावर खडे मीठ घालण्यात माझे बालपण गेले. मिठाने बर्फ लवकर वितळतो हे कोणाला ठाऊक नाही? मी 'खाऱ्या' असे लिहिले. यांनीही तेच लिहिले, मुलाने तेच, सूनबाईंनीही तेच. सहावीतल्या धाकट्या नातवाने तेवढे 'गोड्या' असे लिहिले, आणि कारण दिले : 'सगळे खाऱ्या म्हणतात म्हणून.'

दोन्ही तुकडे एकदम सोडले. गोड्या पाण्यातला तुकडा बघता बघता झिजू लागला आणि नाहीसा झाला. खाऱ्या पाण्यातला तेव्हा अर्ध्याहून अधिक शिल्लक होता. धाकट्याने जो आरडाओरडा केला त्याचे वर्णन करीत नाही.

उत्तर पेल्यातच दिसत होते. पाहायला शिकविणारे कोणी हवे होते इतकेच. गोड्या पाण्यात बर्फाखालून निळ्या रंगाचे बारीक धागे सरळ तळाकडे उतरत होते. वितळलेले पाणी थंड, म्हणून भोवतालच्या पाण्यापेक्षा जड. ते खाली जाई, त्याच्या जागी वरचे कोमट पाणी बर्फाला येऊन भिडे, आणि बर्फ झपाट्याने विरे. खाऱ्या पाण्यात मात्र निळा रंग वरच्या वर पट्ट्यासारखा साचून राहिला होता. वितळलेले पाणी थंड खरे, पण बिनमिठाचे. खाऱ्या पाण्यापुढे ते हलकेच ठरते. ते खाली उतरू शकत नाही, बर्फाभोवती थंड दुलईसारखे पसरून राहते, आणि खालच्या कोमट पाण्याला बर्फापर्यंत पोहोचू देत नाही. पॉटात बर्फ आणि मीठ थेट एकमेकांना भिडतात, तेथे ही दुलई आड येत नाही. माझे पॉटाचे ज्ञान खोटे नव्हते. मी ते जेथे लागू नाही तेथे लावले होते.

"आता हा पेला म्हणजे बंगालचा उपसागर समज," नात म्हणाली. पावसाळ्यात गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी या साऱ्या नद्या तेथे गोडे पाणी ओततात. वरून पाऊस तर असतोच. ते हलके पाणी खाऱ्या पाण्यावर थरासारखे पसरून राहते. अरबी समुद्रात वारा पाणी घुसळून खालचे थंड पाणी वर आणू शकतो, तसे त्याला येथे सहजी साधत नाही. त्यामुळे वरचा पातळ थर तापलेलाच राहतो. वर्षाचा बराच काळ २८ अंशांहून अधिक. चक्रीवादळाला जे उष्ण पाणी लागते ते अशा रीतीने तेथे तयार असते. उपसागरात अरबी समुद्रापेक्षा अधिक वादळे होतात, त्याच्या कारणांपैकी हे एक मोठे कारण आहे. ओडिशातल्या १९९९ च्या महावादळाविषयी मी वर्गात नकाशा लावून तासभर बोलले होते. त्या तासाला पेलाभर पाणी आणि बर्फाचा एक तुकडा नेला असता तर!

दुसऱ्या दिवशी मीच तिला म्हटले, "चल, मला पहिल्यापासून शिकव." पहिला धडा समुद्राचे पाणी तयार करण्याचा. महासागरांच्या पाण्याची क्षारता सरासरी ३५, म्हणजे एक किलो समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार. मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ३५ ग्रॅम मीठ तोलले आणि लिटरभर पाण्यात टाकले. नात हसली. "आजी, किलोभर पाण्यात नव्हे, किलोभर समुद्रात. पाणी ९६५ ग्रॅमच घ्यायचे." माझ्या मिश्रणाची क्षारता ३३.८ झाली होती. एवढ्याने काय बिघडते, असे मी विचारले. तर महासागरांतल्या एकंदर पाण्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश पाण्याची क्षारता ३४ ते ३५ एवढ्या एकाच अंकाच्या आत असते, असे तिने सांगितले. म्हणजे माझ्या हातून जो 'किरकोळ' फरक झाला, तेवढ्यात जगातले बहुतेक सगळे खोल पाणी मावते!

क्षार म्हणजे नुसते मीठ नव्हे, हेही खरे. पण १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' जहाजाने जगभरच्या समुद्रांतून जे पाणी आणले, त्यातल्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण करून डिटमार याने १८८४ साली दाखवून दिले की क्षारांचे एकूण प्रमाण कमीजास्त होते, तरी त्यांचे आपापसांतले प्रमाण सर्वत्र जवळजवळ सारखेच असते. त्यांत सोडियम आणि क्लोराइड मिळून ८५ टक्क्यांहून अधिक. म्हणूनच पुढे कित्येक वर्षे केवळ क्लोराइड मोजून क्षारता ठरवीत. आता पाण्यातून वीज किती सुलभतेने वाहते यावरून ती काढतात.

तर असे नेमके मोजलेले समुद्राचे पाणी परातीत तयार होते. ओट्यावर बटाट्यांची टोपली होती. जुन्या सवयीने एक लहानसा बटाटा मी उचलला आणि पाण्यात सोडला.

तो तळाशी जाऊन बसला.

मी तो काढून पुसला, दुसरा टाकला. तोही बसला. पाण्यात पुन्हा मीठ घातले, या वेळी मुठीने नव्हे, तोलून. लिटरमागे ५० ग्रॅम झाले, ७५ झाले, १०० झाले, बटाटा हलेना. १२० ग्रॅमांच्या आसपास तो एका बाजूने उचलला गेला आणि सावकाश वर आला. म्हणजे समुद्राच्या साडेतीनपट खारट पाणी. मृत समुद्रात, जेथे किलोमागे ३४० ग्रॅमांच्या घरात क्षार आहेत, तेथे माझा बटाटा खुशाल तरंगेल. मुंबईला, दीवला किंवा गोव्याला तो बुडेल. एकतीस वर्षांतल्या प्रत्येक वर्गाला मी फळ्यावर जे लिहून दिले ते असत्य होते, आणि खात्री करून घ्यायला एक तराजू आणि पाव तास पुरला असता.

नातीने माझी समजूत घातली. खाऱ्या पाण्याने वस्तू अधिक उचलली जाते हे तत्त्व खरेच आहे, म्हणाली. लिटरमागे सुमारे २५ ग्रॅमांचा तो फरक आहे, आणि समुद्रातून नदीत शिरणारे जहाज त्यामुळे थोडे अधिक बुडते. जहाजांच्या कुशीवर गोड्या आणि खाऱ्या पाण्यासाठी भाररेषा वेगवेगळ्या आखलेल्या असतात त्या याचसाठी. हे सारे मान्य. पण मी रेषेचे सांगितले नव्हते, बटाट्याचे सांगितले होते. आणि ज्या गावात सयाजीरावमहाराजांनी १८९० साली, हाताने करून शिकावे म्हणून कलाभवन काढले, त्याच गावात बसून सांगितले होते.

पुढचे पंधरा दिवस घरात परात, पातेली आणि काचेची एक जुनी माशांची पेटी यांना उसंत नव्हती. सगळेच प्रयोग साधले असे नाही. गोडे पाणी खाऱ्यावर अलगद ओतून थर करावयाचा, तो चार वेळा विस्कटला. शेवटी खाऱ्या पाण्यावर लाकडी पळी तरंगत ठेवून तिच्यावर बारीक धार धरली तेव्हा जमला. मग पेटी किंचित कलती करून सोडली. वरचे पाणी एवढेसे हलून स्थिर झाले. पण आत, दोन थरांच्या सांध्यावर, निळी लाट या टोकाकडून त्या टोकाकडे कितीतरी वेळ संथपणे जात येत राहिली. वरून पाहणाराला तिचा पत्ताही लागू नये. ध्रुवाकडे जाणाऱ्या नान्सेनचे 'फ्राम' जहाज १८९३ साली अशाच पाण्यात अडकले होते. यंत्र पुरेपूर चाललेले, समुद्र शांत, आणि जहाज जागचे हलेना. बर्फ वितळून झालेल्या गोड्या थराखाली जहाज स्वतःच्या ताकदीने अदृश्य लाटा उठवीत होते आणि त्यांतच ती ताकद संपत होती, हे एकमन याने पुढे पाण्याच्या टाकीत जहाजाची प्रतिकृती ओढून १९०४ साली सिद्ध केले. खलाशी त्याला 'मेलेले पाणी' म्हणत.

मला सर्वांत आवडला तो मार्सिलीचा प्रयोग. लुइजी मार्सिली हा इटालियन तरुण १६७९ साली, एकविसाव्या वर्षी, कॉन्स्टँटिनोपलला गेला. बॉस्फरसच्या सामुद्रधुनीत वरचे पाणी काळ्या समुद्राकडून भूमध्य समुद्राच्या दिशेने वाहते, हे सर्वांना दिसत होते. खालून उलटा प्रवाह आहे हे कोळ्यांना ठाऊक होते. त्याने त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेले नाही. पांढरे रंगविलेले बुचाचे तुकडे दोरीला बांधून त्याने ती पाण्यात सोडली, आणि खालची बुचे उलट्या दिशेला वळलेली पाहिली. मग दोन्हीकडचे पाणी तोलले. शेवटी मध्ये पडदा असलेली एक पेटी केली, एका बाजूस हलके पाणी, दुसऱ्या बाजूस जड, आणि पडद्याला वर व खाली भोके. खालच्या भोकातून जड पाणी हलक्याकडे गेले, वरच्यातून हलके जड बाजूला आले. १६८१ मध्ये त्याने हे छापून प्रसिद्ध केले. आमच्या माशांच्या पेटीत पुठ्ठ्याचा पडदा भिजून पडला. फायलीच्या प्लॅस्टिकच्या पुठ्ठ्याचा टिकला. निळे पाणी खालून, लाल वरून, एकमेकांना वाट देत गेले. आपल्या दोन समुद्रांतही अशी देवघेव आहे. त्यात वाऱ्यांचा वाटा मोठा, पण जड-हलक्याचा न्याय तोच. हिवाळ्यात उपसागराचे कमी खारे पाणी श्रीलंकेला वळसा घालून अरबी समुद्रात येते, आणि पावसाळ्यात अरबी समुद्राचे खारे पाणी उपसागराच्या हलक्या थराखाली शिरते.

माळ्यावरचा रेकॉर्ड प्लेअरही खाली आला. मोठ्या पातेल्याच्या भाराने त्याचा पट्टा घसरू लागला, म्हणून काचेचे लहान भांडे ठेवले आणि मिनिटाला ३३ फेऱ्यांवर पाच मिनिटे फिरू दिले. मग रंगाचा थेंब सोडला. स्थिर भांड्यात तो ढगासारखा पसरतो. फिरत्या भांड्यात त्याचे उभे, पातळ पडदे झाले. फिरणारे पाणी निराळ्याच शिस्तीने वागते, एवढे त्यावरून डोळ्यांना पटते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याने ढकललेले पाणी आपल्या उत्तर गोलार्धात उजवीकडे वळते. 'फ्राम'भोवतालचा बर्फही वाऱ्याच्या २० ते ४० अंश उजवीकडे सरकताना नान्सेनने पाहिला होता. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यालगत पावसाळ्यात वारा दक्षिणेकडे कललेला असतो. वरचे पाणी त्याच्या उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर जाते, आणि त्याच्या जागी खालचे थंड, प्राणवायू कमी असलेले पाणी वर सरकते. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्या उथळ पट्ट्याच्या तळाशी प्राणवायू जवळजवळ उरत नाही. वरून पावसाच्या गोड्या पाण्याची दुलई असतेच, म्हणून पाहणाराला काही कळत नाही. दुलई म्हटल्यावर धाकटा लगेच म्हणाला, "बर्फावर होती तीच!" त्याचे डावे पान आता माझ्यापेक्षा बरे भरते.

एके दिवशी कावी-कंबोईला स्तंभेश्वरास जाऊन आलो. खंबायतचे आखात आत येता येता निमुळते आणि उथळ होत जाते, त्यामुळे भरतीचे पाणी चढते. भावनगरला मोठ्या भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरांच्या घरात जातो. स्तंभेश्वराचे देऊळ दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते आणि दर्शनाच्या वेळा तिथीवर ठरतात. मी तेथे अनेकदा गेले होते, हात जोडून परत आले होते. या वेळी आम्ही दर दहा मिनिटांनी पाणी कोणत्या खुणेपर्यंत आले ते लिहून काढले. आरंभी हळू, मध्यावर भराभर, शेवटी पुन्हा हळू. नातवाने दोरीला बांधलेली पांढरी ताटली पाण्यात सोडून ती दिसेनाशी कोठे होते ते पाहिले. सेक्की नावाच्या धर्मगुरूने १८६५ साली भूमध्य समुद्रात पाण्याची निर्मळता अशीच तबकडी सोडून मोजली होती. आमची ताटली त्या गढूळ पाण्यात वितीभरातच गेली.

इंदूरच्या, ग्वाल्हेरच्या ज्या वाचकांना समुद्र दूर वाटतो त्यांनी निदान बर्फाचा प्रयोग घरी करून पाहावा, आणि चिठ्ठ्या आधी लिहून घ्याव्यात. चिठ्ठ्यांशिवाय केला तर सगळेच नंतर 'मला ठाऊकच होते' म्हणतात. आमच्याकडे मी म्हटले असते.

आता बटाट्याचे राहिलेले. गेल्या माघात एका लग्नात माझा एक जुना विद्यार्थी भेटला. पन्नाशी उलटलेला, स्वतः शाळेत विज्ञान शिकवितो. वाकून नमस्कार केला आणि अभिमानाने म्हणाला, "बाई, तुमचा बटाट्याचा प्रयोग मी अजून दरवर्षी करतो. अगदी तुमच्यासारखाच, मुठीने मीठ घालून." त्या वेळी मला धन्य वाटले होते. परातीतला बटाटा तळाशी बसला त्या दुपारी मला प्रथम त्याचाच चेहरा आठवला.

चार दिवस मी टाळाटाळ केली. त्याला सांगून काय उपयोग, मुलांना तत्त्व तर कळते आहे, असे मनाशी म्हणून पाहिले. पाचव्या दिवशी फोन केला आणि सारे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "बाई, एका मुलीने गेल्या वर्षी विचारले होते, समुद्रात एवढे मीठ असते का म्हणून. मी तिला गप्प बसवले."

मी काही बोलले नाही. त्यालाही काही सुचेना. मग त्यानेच विचारले की रविवारी आलो तर चालेल का, आणि त्या मुलीला बरोबर आणली तर चालेल का. या म्हटले. वजनकाटा तो आणणार आहे. बटाटे घरात आहेत.